शोकाकुलांच्या यादीत आपलं आडनाव

श्राद्धाला गुरुजी नावं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, पणजी. वसू, रुद्र, आदित्य अशा रूपांत तीन पिढ्यांना बोलवायचं असतं, म्हणून तिन्ही पिढ्यांची नावं लागतात. आमच्या पणजीचं नाव घरात सगळ्यांना पाठ आहे. पण मी वंशावळ लिहायला घेतली तेव्हा लक्षात आलं, की हे नाव तिला लग्नात मिळालेलं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. त्याआधी ती कोण होती, कुठल्या घरची, कुठल्या गावची, हे कुणालाच सांगता येईना.

आत्याला थोडंसं आठवत होतं. पणजीला एक भाऊ होता. सगळे त्याला बापूमामा म्हणत. तो मास्तर होता, पुण्यात नारायण पेठेत राहायचा. "पानशेतच्या पुराच्या आदल्या वर्षी आजीने त्याला भाऊबीजेला ओवाळलं आणि दहा दिवसांत तो गेला. कार्तिकी एकादशीचा उपास सोडायच्या दिवशी. त्यानंतर आजी भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची." एवढंच. ना आडनाव, ना पाळण्यातलं नाव, ना तारीख.

अशा तुटपुंज्या माहितीवरही माणूस सापडू शकतो. जुन्या वर्तमानपत्रांतल्या निधनाच्या बातम्या आणि जाहिराती त्यासाठी फार उपयोगी पडतात. त्या कशा शोधायच्या, कशा वाचायच्या आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे इथे सांगतो. बापूमामाचा शोध अधूनमधून सोबत येईलच.

घरात काही का उरत नाही

आपल्याकडे मृत्यूचा कागद घरात ठेवत नसत. लग्नपत्रिका हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायची, पण कुणी गेल्याचं कार्ड आलं की वाचून लगेच फाडून टाकायचं. त्यामुळे ट्रंकेत लग्नांचे पुरावे सापडतात, मृत्यूंचे नाही. वर्तमानपत्राचं तसं नव्हतं. घरातला अंक रद्दीत गेला तरी ग्रंथालयातल्या बांधीव फाइलीत तो राहिला.

मात्र किती मागे जाता येईल याचा अंदाज आधीच घेतलेला बरा. 'दर्पण' १८३२ चा, 'ज्ञानप्रकाश' १८४९ चा, 'केसरी' १८८१ चा. पण एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांत मृत्युलेख यायचे ते संस्थानिक, विद्वान, वकील, समाजातले पुढारी यांचे. तुमच्या-माझ्या खापरपणजोबांची जागा तिथे क्वचितच. साध्या घरातला माणूस या पानावर दिसू लागतो तो रोजचा पेपर मध्यमवर्गीय घरांत पोचल्यानंतर. 'सकाळ' १९३२ ला निघाला, 'लोकसत्ता' १९४८ ला, 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ ला. तेव्हा या मार्गाने शोधायचं तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पाव शतकापासून पुढे हात मोकळा होतो. त्याआधीच्या पिढ्या या जाहिरातींतून अप्रत्यक्षपणे कळतात, म्हणजे १९५० साली वारलेल्या मुलाच्या जाहिरातीतून १८७० साली जन्मलेल्या बापाचं नाव आणि गाव.

एक पान, तीन वेगळ्या गोष्टी

सगळ्याच मजकुराला आपण 'निधनाची जाहिरात' म्हणतो, पण त्यात तीन प्रकार असतात.

पहिला प्रकार बातमीचा. 'निधन' अशा मथळ्याखाली चार-सहा ओळी, संपादकीय विभागाने घेतलेल्या. तिची भाषा ठरलेली असते. नमुन्यादाखल मीच एक रचून दाखवतो: "येथील निवृत्त शिक्षक गोविंद विनायक अमुक (वय ७२) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. नगरपालिकेतील अभियंता विनायक अमुक यांचे ते वडील होत."

शेवटचं वाक्य नीट पाहा. "ते वडील होत", "त्या मातोश्री होत", "ते सासरे होत". हे 'होत' बाकी कुठे फारसं उरलेलं नाही, निधनवार्तेत मात्र टिकून आहे. आणि त्याच्या अलीकडे ज्याचं नाव असतं तो त्या गावात त्या घरातला सगळ्यात ठाऊक असलेला माणूस. बातमी देणाऱ्याने वाचकाला ओळख पटावी म्हणून जोडलेली ती खूण असते. कधी ती जावयाची असते, कधी भाच्याची, आणि तिथेच दुसऱ्या आडनावाच्या घराचं दार उघडतं.

दुसरा प्रकार पैसे देऊन छापलेल्या जाहिरातीचा. जागा मोजून पैसे पडत, म्हणून मजकूर आखूड. पण खाली सह्यांसारखी नावं असतात: आपले शोकाकुल, आपले दुःखांकित, समस्त अमुक परिवार. दशक्रियाविधी कुठे, किती वाजता हेही असतं. पुण्यात ओंकारेश्वर, नाशिकला रामकुंड. कोल्हापूरकडे रक्षाविसर्जनाचा दिवस. विधीची जागा म्हणजे कुटुंब त्या वेळी कुठे राहत होतं याची खूण.

तिसरा प्रकार पुण्यस्मरणाचा. प्रथम पुण्यस्मरण, द्वितीय, पंचविसावं. यात पुढे पुढे फोटोही येऊ लागले. निधनाच्या वेळी घर गडबडीत असतं, पैसे नसतात, पेपरकडे जायला माणूस नसतो. वर्षभराने मात्र शांतपणे बसून, सगळ्यांची नावं आठवून मजकूर लिहिला जातो. माझ्या अनुभवात नावांच्या दृष्टीने हा प्रकार सगळ्यात श्रीमंत. मूळ जाहिरात सापडली नाही तर बरोबर एक वर्ष पुढे जाऊन पाहायला विसरू नका.

हे कागद जिवंतांविषयी जास्त बोलतात

माणूस निधनाची जाहिरात शोधतो ती गेलेल्याविषयी कळावं म्हणून. पण त्याच्याविषयी तिथे एक ओळ असते आणि उरलेल्या पाच ओळी मागे राहिलेल्यांच्या असतात. म्हणून शोधण्याची दिशाच बदलावी लागते. मृतांच्या नावांत आपला पूर्वज शोधत बसलात तर एका माणसाला एकच संधी. शोक करणाऱ्यांच्या यादीत शोधलंत तर तोच माणूस भावाच्या, सासऱ्याच्या, मेव्हण्याच्या, व्याह्याच्या मृत्यूच्या निमित्ताने पाच-सहा वेळा दिसू शकतो.

बायकांच्या बाबतीत तर हाच मार्ग. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलायचं, मधलं नाव बदलायचं आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही. म्हणजे लग्नाआधीची आणि लग्नानंतरची बाई कागदावर दोन परक्या व्यक्ती. या दोघींना जोडणारा कागद सासरी क्वचितच असतो. तो माहेरी असतो, बापाच्या किंवा भावाच्या मृत्यूच्या वेळी छापलेला, ज्यात ती 'बहीण' किंवा 'विवाहित मुलगी' म्हणून सासरच्या आडनावासह येते. बापूमामाचं आडनाव मला माहीत नव्हतं, पण माझं आडनाव मला माहीत होतं. मला शोधायची होती ती अशी जाहिरात, जिच्यात कुणा परक्या आडनावाच्या मास्तरांसाठी शोक करणाऱ्यांत आमच्या आडनावाची एक म्हातारी बाई असेल.

मुंबईत ज्यांचं शेजारी-व्यवहारातलं नातं गुजराती कुटुंबांशी आहे त्यांनी 'मुंबई समाचार'मधल्या मरणनोंदी पाहिल्या असतील. हे पत्र १८२२ पासूनचं. तिथे मूळ गाव आणि माहेरची बाजू आवर्जून छापण्याची रीत आहे. मराठी जाहिरातीत "तीन विवाहित मुली" म्हणून आकडा दिला की संपलं. मला याचं खरोखर वाईट वाटतं. त्या तिघींची नावं त्या दिवशी त्या घरात सगळ्यांना माहीत होती.

छोट्या अक्षरांत मोठी माहिती

नावापुढची दोन-तीन अक्षरं कधी सोडू नका. बाईच्या मृत्यूच्या जाहिरातीत 'सौ.' असेल तर त्या दिवशी नवरा हयात होता. 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी, असेल तर नवरा आधीच गेलेला. त्यामुळे बायकोच्या जाहिरातीवरून नवऱ्याच्या मृत्यूचा शोध त्याआधीच्या अंकांत करायचा की नंतरच्या हे ठरतं. यादीत 'चि.' असलेला मुलगा वयाने लहान किंवा अविवाहित असण्याची शक्यता मोठी, 'कु.' म्हणजे लग्न न झालेली मुलगी. नातवंडं आहेत पण पतवंडं नाहीत, यावरून पिढ्यांचं अंतर बांधता येतं.

'कै.' हे कैलासवासी, वारकऱ्यांमध्ये 'वै.' म्हणजे वैकुंठवासी, आणि कीर्तनकाराच्या किंवा माळकऱ्याच्या नावापुढे 'ह.भ.प.'. लिंगायत घरांत 'लिंगैक्य', ख्रिस्ती घरांत 'ख्रिस्तवासी', मुसलमान घराच्या मराठी बातमीत 'पैगंबरवासी'. बौद्ध घरांत 'कालकथित', आणि विधीच्या जागी 'जलदानविधी' किंवा 'पुण्यानुमोदन'. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर या घराण्यांच्या शोकाची भाषाच नवी झाली. आजोबांच्या नावामागे एक शब्द आणि वडिलांच्या नावामागे दुसरा, असं एकाच घरात दिसलं तर त्या दोन शब्दांमध्ये त्या घरातला एक मोठा निर्णय असतो. तो कधी, कुणी, कुठे घेतला हे विचारायला घरातली म्हातारी माणसं असेपर्यंत जा.

नावांचा एक घोळ मात्र हमखास होतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असल्यामुळे गोविंद विनायक आणि विनायक गोविंद हे एकाआड एक येत राहतात. गोविंद विनायक सापडला म्हणून आनंदून जाऊ नका, तो आजोबा की नातू हे वयावरून आणि वर्षावरून आधी तपासा. शिवाय हाक मारायची नावं: अण्णा, तात्या, नाना, भाऊ, माई, आक्का. जाहिरातीत ती कंसात किंवा 'ऊर्फ' लिहून येतात आणि घरातल्या आठवणी जुळवायला नेमकी तीच उपयोगी पडतात, कारण घरातल्यांना खरं नाव बहुधा माहीतच नसतं.

तिथीवरून तारीख

हा भाग थोडा किचकट आहे, पण मराठी घरांसाठी सगळ्यात कामाचा आहे. आपल्या माणसांना गेलेल्याची तारीख आठवत नाही, तिथी आठवते, कारण श्राद्ध तिथीला होतं.

वर्षश्राद्धाची तिथी माहीत असेल, म्हणजे महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही, तर वर्षाला एकच दिवस उरतो. "साल चाळीस ते पंचेचाळीसच्या मधलं कधीतरी" इतकंच माहीत असलं तरी शोध सहा तारखांवर येतो. फक्त पितृपक्षातली तिथी माहीत असेल तर काम वाढतं. तिथे महिना आणि पक्ष धरत नाहीत, नुसती तिथी धरतात. घरात भाद्रपद वद्य अष्टमीला महालय होतो याचा अर्थ माणूस कुठल्याही महिन्यातल्या कुठल्याही पक्षातल्या अष्टमीला गेला असेल. पण पितृपक्षातले काही दिवस वेगळंच सांगतात. अविधवा नवमीला जिचं श्राद्ध होतं ती नवऱ्याच्या आधी, सौभाग्यवती असताना गेली. चतुर्दशीला ज्याचं होतं तो शस्त्राने किंवा अपघाताने गेला असण्याचा संभव आहे, आणि तसं असेल तर निधनाच्या पानाऐवजी बातमीचं पान पाहायला हवं. सर्वपित्री अमावास्येला ज्याचं करतात त्याची तिथी बहुधा घरातच हरवलेली असते.

तिथी शकात मिळाली तर इसवी सनासाठी ७८ मिळवायचे. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना, जानेवारी उजाडल्यावर, ७९ मिळवायचे. माघ शके १८५० म्हणजे १९२८ नव्हे, १९२९. ही एका वर्षाची चूक इतकी सहज होते, की कुटुंबाच्या छापील वंशावळींतही ती सापडते.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा त्यापलीकडे वाढलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच नावाचा, पण वद्य पक्षाचं नाव बदलतं. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशी, तिकडची तीच रात्र फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. आजीने तिथी इंदूरच्या हिशेबाने सांगितली असेल आणि तुम्ही पुण्याच्या पंचांगात पाहिलीत, तर पूर्ण एक महिना चुकाल.

आणखी एक चकवा १९५७ नंतरचा. त्या वर्षी २२ मार्चपासून सरकारने भारतीय सौर दिनदर्शिका सुरू केली. तिच्यात महिन्यांची नावं तीच, शकही तोच, पण त्या तिथ्या नव्हेत. 'सौर १२ कार्तिक शके १८८२' म्हणजे ३ नोव्हेंबर १९६०. त्या दिवशी चंद्राच्या हिशेबाने कार्तिकी पौर्णिमा होती, द्वादशी तीन दिवस आधीच होऊन गेली होती. सरकारी कागदावर कार्तिक दिसला म्हणून तो पंचांगातला कार्तिक समजू नका.

आता बापूमामा. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. आदल्या वर्षीची, म्हणजे १९६० ची, कार्तिक शुद्ध द्वादशी ऑक्टोबरच्या अखेरीस येते. तिथी सूर्योदयाला धरायची की दुपारी, यावरून एक दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून मी दोन दिवस आधीपासून सुरुवात करून तेराव्यापर्यंतचे अंक पाहिले. तीन दुपारी गेल्या. मास्तर पुष्कळ वारले होते, आमचं आडनाव कुठेच नव्हतं.

मग वर सांगितलेला नियम वापरला आणि प्रथम पुण्यस्मरणासाठी १९६१ च्या ऑक्टोबर अखेरचे अंक काढले. तिथेही काही नाही. सोडून देणार होतो, तेवढ्यात ग्रंथालयात शेजारच्या टेबलावर जुनी पंचांगं चाळत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "अहो, त्या साली अधिक महिना होता का, पाहिलंत?" पाहिलं नव्हतं. १९६१ ला अधिक ज्येष्ठ आला होता. त्यामुळे त्या वर्षीची कार्तिक द्वादशी वीस-एक दिवस पुढे सरकून नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास गेली होती. तारखेने वर्ष मोजलं तर पुण्यस्मरण ऑक्टोबरात, तिथीने मोजलं तर नोव्हेंबरात. जुनी घरं तिथीने मोजत.

कुठला पेपर, कुठली आवृत्ती

माणूस कुठे वारला यापेक्षा त्याचे नातेवाईक कुठे पेपर वाचत होते हे महत्त्वाचं. जाहिरात त्यांच्यासाठी असते. साताऱ्याचा माणूस पुण्याच्या पत्रात असू शकतो, साताऱ्याच्या 'ऐक्य'मध्ये असू शकतो, किंवा कोल्हापूरच्या 'पुढारी'त. विदर्भासाठी नागपूरचे 'तरुण भारत', 'लोकमत'. बेळगावसाठी बाबूराव ठाकूरांचा 'तरुण भारत', जो नागपूरच्यापेक्षा वेगळा. गोव्यासाठी १९६२ पासून 'गोमन्तक'. मराठवाड्याचं जरा अवघड आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता, दप्तर उर्दूत, मराठी पत्रं थोडी. त्या काळासाठी वर्तमानपत्रापेक्षा जमिनीचे कागद लवकर हाती लागतात.

मुंबईत राहिलेल्या कोकणातल्या माणसांच्या जाहिराती मला विशेष आवडतात. गिरगावातल्या चाळीचा पत्ता आणि खाली मुक्काम, पोस्ट, तालुका. एका ओळीत दोन्ही घरं.

मोठ्या दुर्घटनांच्या वेळी पत्रांत मृतांच्या आणि बेपत्ता माणसांच्या बातम्या दिवसेंदिवस येत राहतात. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट, १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडालेली 'रामदास' बोट, जिच्यात सहाशेहून अधिक माणसं गेली, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. घरात "तो बोटीत गेला" एवढंच कुणी म्हणत असेल तर तारीख आपोआप हाती आलेली असते.

बांधीव फायली सांभाळणारी ग्रंथालयं आपल्याकडे जुनी आणि चांगली आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर, पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. प्रत्येकाकडे प्रत्येक पत्राचं प्रत्येक वर्ष नसतं, म्हणून निघण्याआधी फोन करून नेमकं साल विचारा. पेपरचा कागद लगद्याचा, स्वस्त, पन्नास वर्षांत पापडासारखा होतो. पान उलटताना कोपरा न धरता दोन्ही हातांनी खालून आधार द्या. फोटोची परवानगी असेल तर पूर्ण पानाचा एक आणि जाहिरातीचा एक असे दोन काढा, आणि तिथल्या तिथे वहीत पत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान, रकाना लिहा. नुसतं कात्रण, तारखेविना, पुढच्या पिढीला निम्मंच उपयोगी.

संगणकावर चढवलेले अंक असतील तर शब्द टाकून शोधता येतं, पण जुना मराठी ठसा, जोडाक्षरं आणि फिकट शाई यामुळे यंत्र पुष्कळ शब्द चुकीचे वाचतं. त्यात १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी आपण नांव, गांव, कोंकण असं लिहीत होतो. तुम्ही आजच्या पद्धतीने 'गाव' टाकलंत तर जुना 'गांव' निसटतो. दोन्ही टाका. आणि न सापडणं म्हणजे नसणं असं धरू नका, शंका असलेला आठवडा डोळ्यांनीच वाचा.

जे या पानावर येत नाहीत

जाहिरातीला पैसे लागत, बातमीला ओळख लागे. शेतमजूर, गिरणीत बदलीवर काम करणारे, पाड्यावरचे, बाळंतपणात गेलेल्या बायका, लहान मुलं, १८९६ नंतरच्या प्लेगात आणि १९१८ च्या तापाच्या साथीत घरंच्या घरं रिकामी झाली ती माणसं, यांतले बहुतेक या पानावर कधीच आले नाहीत. आपल्या घरातलं कुणी सापडलं नाही तर ते कुणी नव्हतेच असा अर्थ काढायचा नाही. त्यांच्यासाठी दुसरे कागद आहेत.

गावातला नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडी लिपीत असतात. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही बुकं महाराष्ट्रभर पुन्हा उघडली गेली. दुसरा आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा, फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. जमीन असलेला माणूस वारला की वारस लावावे लागतात. नमुना ६-क ही वारसांची नोंदवही. तिथे मृत्यूची तारीख आणि वारसांची नावं येतात, आणि एक-दोन गुंठ्यांचा मालकही येतो, ज्याच्यासाठी कुणी कधी जाहिरात दिली नसती. शाळेचं जनरल रजिस्टर जन्मतारखेसाठी. त्र्यंबकेश्वर, नाशिक इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या पिढ्यांच्या साखळीसाठी.

किती खरं मानायचं

निधनाची जाहिरात दुःखात, घाईत, कुणातरी पुतण्याने पेपरच्या खिडकीत उभं राहून लिहिलेली असते. वय अंदाजे असतं, पुष्कळदा पाचाच्या किंवा दहाच्या पटीत. नावात छपाईची चूक असते. आणि काही माणसं मुद्दाम वगळलेली असतात. जातीबाहेर लग्न केलेली मुलगी, वाटणीवरून बोलणं तुटलेला भाऊ, दुसरी बायको. यादीत नसणं हा नातं नसल्याचा पुरावा नाही. कधीकधी तीच रिकामी जागा घरातली मोठी गोष्ट सांगते, पण ती जपून सांगावी लागते, कारण तिची मुलंबाळं आज आहेत.

म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. वर्तमानपत्रातून आलेली गोष्ट वंशावळीत पेन्सिलीने लिहायची. दुसऱ्या स्वतंत्र कागदाने दुजोरा दिला की शाईने. जाहिरातीतून मृत्यूची तारीख मिळाली की महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीचा उतारा मागणं सोपं होतं, कारण तिथे शोध तारखेवरून लवकर होतो. आणि हयात माणसांची नावं, पत्ते कुठेही जाहीर करायचे नाहीत, मग ते पन्नास वर्षांपूर्वी छापलेले का असेनात.

बापूमामा १९६१ च्या नोव्हेंबरात सापडला. प्रथम पुण्यस्मरण, साडेतीन ओळी. निवृत्त शिक्षक. पत्ता नारायण पेठेचा नव्हता, दुसऱ्याच पेठेतल्या कुणाच्या तरी घरचा होता, 'द्वारा' लिहून. चार महिन्यांपूर्वीच पानशेतचा पूर येऊन गेला होता. खाली मुलांची नावं आणि शेवटी: बहीण, गं. भा., पणजीचं सासरचं नाव, आमचं आडनाव. वर मोठ्या अक्षरांत तिचं माहेरचं आडनाव.

त्या मुलांपैकी एकाची पत्नी पुण्यातच राहते हे दोन महिन्यांनी कळलं. आत्याला घेऊन गेलो. त्या नव्वदीच्या आहेत. आत्याने ओळख सांगितली तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सासरे जाईपर्यंत तुमच्या आजीला माहेरच्याच नावाने हाक मारायचे. तुमच्याकडचं नाव त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही." आणि त्यांनी ते नाव सांगितलं. आत्याने ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. रिक्षात बसल्यावर ती ते दोनदा स्वतःशीच म्हणाली.

ते मी पणजीच्या नावाच्या वर लिहिलं आहे, पेन्सिलीने. तिच्या माहेरच्या गावी कोतवाल बुक आहे असं कळलंय. मोडी वाचणारा एक मित्र पुढच्या महिन्यात सोबत येतो आहे.